एकमताने ठरलं, म्हणजे नेमकं कुणी ठरवलं?

कुकडी प्रकल्पाच्या कालव्याचं आवर्तन, म्हणजे पाण्याची पाळी, कधी सुटणार, किती दिवस चालणार, कुणाच्या चारीला आधी पाणी मिळणार, हे कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत ठरतं. दुसऱ्या दिवशी बातमी येते आणि तिच्यात एक वाक्य बहुतेक वेळा असतंच: निर्णय एकमताने झाला. मग कधी जुन्नरला निषेधाची सभा होते, कधी आंबेगावातून निवेदन जातं, कधी श्रीगोंद्यात रास्ता रोको होतो, आणि कर्जत-करमाळ्याकडून टेलला, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाला, पाणी पोचलं नाही म्हणून ओरड सुरू होते. वरचेही नाराज आणि खालचेही नाराज, तर एकमत झालं कुणाचं?

हा प्रश्न विचारला की उत्तरं तयार असतात. पाण्याच्या बाबतीत मतदान करायचं नसतं, त्यानं तालुक्यातालुक्यांत भिंती उभ्या राहतात. कोरम, विषयपत्रिका, इतिवृत्त हे कारकुनी सोपस्कार आहेत. ते करत बसलो तर उभं पीक जळून जाईल. आणि अगदीच काही चुकलं, तर वर तज्ज्ञांचं प्राधिकरण आहेच. असं बोलणाऱ्यांत पाण्यासाठी आयुष्य घालवलेली माणसंही आहेत, म्हणून त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. ते खोडूनच काढायला हवं. ज्या बैठकीत कोण हजर होतं, कोण कशाच्या बाजूने बोललं, विरोध कुणाचा होता आणि कोणत्या कारणाने, हे लोकांना वाचायला मिळत नाही, तिथल्या निर्णयाला धड आव्हान देता येत नाही. मग शेतकऱ्याच्या हातात रस्ता अडवणं एवढंच उरतं. पद्धत नको म्हणणाऱ्यांना रास्ता रोकोबद्दल तक्रार करण्याचा अधिकार नाही, कारण तो त्यांनीच शिकवला.

आधी भांडण किती मोठं आहे ते पाहू. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे ही जुन्नरची चार धरणं आणि आंबेगावचं डिंभे, असा मिळून कुकडी प्रकल्प. येडगावातून निघणारा डावा कालवा पारनेर, श्रीगोंदा, कर्जत करत करमाळ्यापर्यंत जातो; लांबी अडीचशे किलोमीटरच्या आसपास. पुणे, नगर (आता अहिल्यानगर) आणि सोलापूर असे तीन जिल्हे आणि शिरूर धरून सात तालुके या पाण्यावर डोळा ठेवून असतात. धरणाकाठचा माणूस म्हणतो, जमिनी आमच्या गेल्या आणि उन्हाळ्यात गाळ आम्ही बघायचा. टेलचा माणूस म्हणतो, कालवा खोदताना पाणी दाखवलंत, आता नुसता खड्डा दाखवता. दोघांचंही खरं आहे. आवर्तन चालू असताना कालव्याकाठच्या मोटारींची वीज तोडली जाते, तेव्हा ज्याचा कांदा पाण्यावर आलाय त्याच्या बांधापासून पाणी वाहत जातं आणि त्याला ते उचलता येत नाही. डिंभ्याचं पाणी माणिकडोहात नेण्याच्या बोगद्याचा वाद तर अजून धुमसतोच आहे. इतके परस्परविरोधी आणि तरीही न्याय्य हक्क जिथे एकमेकांवर आदळतात, तिथे दोन तासांत एकमत होतं यावर विश्वास ठेवायला मोठी श्रद्धा लागते.

आता त्या समितीचं नाव नीट वाचा. ती सल्लागार समिती आहे. महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, 1976 प्रमाणे कालव्याच्या कारभाराचे अधिकार कालवा अधिकाऱ्याकडे असतात. अधिकाऱ्याला विचारा, तो सांगतो समितीनं ठरवलं. समितीतल्या लोकप्रतिनिधीला विचारा, तो म्हणतो आम्ही फक्त सल्ला देतो, अंमलबजावणी खात्याची. अध्यक्षस्थानी बसलेले मंत्री म्हणतात, सर्वांनी मिळून ठरवलं. जबाबदारी अशी गोल फिरत राहते. गंमत पुढेच आहे. बैठक आटोपून वरच्या तालुक्यातला पुढारी घरी येतो आणि सांगतो, मी तुमचं पाणी राखलं. खालच्या तालुक्यातलाही घरी जातो आणि सांगतो, मी तुमचं पाणी आणलं. नावानिशी मत नोंदलेलं नसलं की दोघांचं भाषण एकाच दिवशी खपतं. मतदान नको, त्यानं कटुता येते, हा युक्तिवाद सगळ्यात जास्त कुणाच्या सोयीचा आहे हे यावरून कळावं.

जुन्नरच्या पूर्व पट्ट्यातल्या निमगाव सावाच्या ग्रामसभेला सात दिवस आधी नोटीस लागते. मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 जण, यांतला जो आकडा कमी तेवढा कोरम लागतो. तहकूब झालेली सभा मात्र कोरमशिवाय चालते, आणि त्या पळवाटेचा उपयोग किती गावांत कसा होतो हे सांगायला नको. तरीसुद्धा ग्रामसभेचं इतिवृत्त असतं, ठरावाला सूचक आणि अनुमोदक असतो, आणि ठराव खोटा लिहिला म्हणून भांडायला कागद तरी असतो. गल्लीतल्या दिव्याच्या खांबासाठी जी शिस्त आपण मान्य केली, ती सात तालुक्यांच्या पाण्यासाठी सोपस्कार ठरते. हे कसं?

'वर प्राधिकरण आहेच' या उत्तराकडे येतो, कारण खरा गैरसमज तिथे आहे. नियामक संस्था म्हणजे तज्ज्ञ, तज्ज्ञांना कसलं मतदान, गणित करून उत्तर काढतील, अशी समजूत आहे. कायदा मात्र तसं समजत नाही. विजेचं उदाहरण घेतो, कारण तिथला कायदा स्पष्ट आहे आणि बिबट्याची भीती बाळगत रात्रीच्या पाळीला उसात मोटार चालू करायला जाणाऱ्या जुन्नरच्या शेतकऱ्याला विजेचा नियामक पाण्याच्या नियामकाइतकाच जवळचा आहे. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग 1999 सालचा. वीज अधिनियम, 2003 च्या कलम 82 प्रमाणे राज्य आयोगात अध्यक्ष धरून जास्तीत जास्त तीन सदस्य. कलम 92 सांगतं, प्रत्येक सदस्याला एक मत. प्रश्न हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमतानं सुटेल. मतं समसमान झाली तर अध्यक्षस्थानी असणाऱ्याला दुसरं, निर्णायक मत. कलम 93 सांगतं, एखादी जागा रिकामी होती एवढ्यावरून कामकाज बेकायदा ठरणार नाही.

ही तीन कलमं एकत्र वाचा आणि हिशोब करा. तिघांपैकी एक जागा रिकामी राहिली. उरले दोघं. दोघांचं पटलं नाही. अध्यक्षांनी आपलं एक मत दिलं, मग निर्णायक मत दिलं. निकाल दोन विरुद्ध एक, माणसं मात्र एकास एक. म्हणजे कागदावर तिघांचा असलेला आयोग एका खुर्चीच्या रिकामेपणानं एका माणसाचा झाला, तेही संपूर्ण कायदेशीरपणे. सरकारला नियामकावर दबाव आणायची गरजच नाही. नेमणूक लांबवली की पुरे. सदस्य नेमायला उशीर होतो याला आपल्याकडे प्रशासकीय दिरंगाई म्हणतात. मी त्याला मतदानात ढवळाढवळ म्हणतो. कोरमचा नियम हा हजेरीपटाचा विषय आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी हे गणित पोरांकडून करून घ्यावं. त्याच कायद्याचं कलम 86 आयोगाला पारदर्शक राहायला सांगतं, आणि कलम 64 दराच्या अर्जावर लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेऊन 120 दिवसांत आदेश द्यायला सांगतं. हरकती ऐकणं आणि मुदत पाळणं या दोन गोष्टी एकाच कलमात बसतात, एवढं लक्षात ठेवा. उशिराच्या युक्तिवादाला ते पुढे उपयोगी पडेल.

पाण्याचा नियामक म्हणजे महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण. कायदा 2005 चा. मूळ रचनेत अध्यक्ष मुख्य सचिवाच्या दर्जाचे, एक जलअभियांत्रिकीतले तज्ज्ञ आणि एक जलअर्थशास्त्रातले. याखेरीज पाच खोऱ्यांच्या महामंडळांच्या क्षेत्रांतून पाच विशेष निमंत्रित, धोरणात्मक निर्णयांत मदत करायला. हे निमंत्रित सदस्य नव्हेत. कृष्णा खोऱ्यातून, म्हणजे आपल्या बाजूनं, खुर्ची आहे ती निमंत्रिताची. तक्रार एवढीच की ही रचना सातपैकी एकाही तालुक्यात फारशी कुणाला माहीत नसते आणि तरीही 'वर प्राधिकरण आहे' म्हणून लोकांना गप्प केलं जातं.

त्याच कायद्यानं आणखी दोन मंडळं जन्माला घातली. मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखालचं राज्य जल मंडळ आणि मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालची राज्य जल परिषद. मंडळानं एकात्मिक राज्य जल आराखडा तयार करायचा, परिषदेनं तो मंजूर करायचा, आणि प्राधिकरणानं त्याच्या चौकटीत प्रकल्प तपासायचे. परिषदेची पहिली बैठक कधी झाली? जानेवारी 2015 मध्ये. कायद्यानंतर जवळपास दहा वर्षांनी, आणि तीही जलतज्ज्ञ प्रदीप पुरंदरे जनहित याचिका घेऊन औरंगाबाद खंडपीठात गेल्यावर. मधल्या काळात आराखडा नसताना प्रकल्पांना मंजुऱ्या मिळत राहिल्या. बैठकीचे नियम ही कारकुनी बाब आहे म्हणणाऱ्यांनी या दहा वर्षांचं काय करायचं ते सांगावं. परिषदेत कुणी हुकूमशाही केली नाही, कुणाचं मत दाबलं नाही. परिषद बसलीच नाही. वर्षातून इतक्या वेळा बसलंच पाहिजे, नाही बसलात तर त्याचा परिणाम अमुक, असं बंधन पाळायला कुणी भाग पाडलं नाही, आणि राज्याच्या पाण्याचा कायदा कागदावर राहिला. त्याआधीच 2011 मध्ये दुरुस्ती होऊन क्षेत्रवार वाटपाचा, म्हणजे शेतीला किती, पिण्याला किती, उद्योगाला किती, हा अधिकार मंत्रिमंडळाकडे गेला. म्हणजे जिथे सुनावणी आणि कारणांसह आदेश अपेक्षित होता, तिथून विषय अशा खोलीत नेला जिथलं कामकाज गोपनीय असतं.

लिहिलेल्या आदेशानं काय फरक पडतो हे पाहायचं तर गोदावरी खोऱ्यात जावं लागेल. जायकवाडीत वरच्या धरणांतून पाणी सोडायचं की नाही, या वादावर प्राधिकरणानं 19 सप्टेंबर 2014 रोजी आदेश दिला. 15 ऑक्टोबरची स्थिती धरून जायकवाडीचा साठा 65 टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, असं त्याचं सूत्र. नाशिक-नगरला ते पटलं नाही, मराठवाड्याला ते अपुरं वाटलं. पण आदेश लेखी होता, त्यात आकडे होते, कारणं होती, म्हणून सगळ्यांना उच्च न्यायालयात जाता आलं आणि 2016 च्या सप्टेंबरमध्ये न्यायालयानं त्यावर निकाल दिला. भांडण संपलं असं कुणी म्हणणार नाही. आकडा बरोबर होता का, यावर वाद चालूच आहे. पण वाद आकड्यावर आहे. 65 का, यावर आहे. आमच्याकडे वाद कशावर होतो? बैठकीत कोण कुणाच्या कानात काय बोललं यावर. 2021 च्या मे महिन्यात जुन्नर तालुक्यातल्या एका शेतकऱ्याच्या याचिकेवरून उच्च न्यायालयानं कुकडीच्या उन्हाळी आवर्तनाला स्थगिती दिली, आणि दोन्हीकडचे पुढारी एकमेकांवर तुटून पडले. ऐन मेमध्ये, पिकं माना टाकत असताना, पाण्याचा निकाल न्यायालयाच्या दारात जावा, ही वेळ येऊ नये म्हणूनच तर बैठकीत हरकत नोंदवून तिचं कारणासह उत्तर द्यायचं असतं.

इथे एक जुना निवाडा सांगायला हवा. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गुल्लापल्ली नागेश्वर राव यांच्या खटल्याचा निकाल लागला. आंध्रातल्या बसमार्गांच्या राष्ट्रीयीकरणाचा विषय होता. हरकती सचिवानं ऐकल्या आणि निर्णय मुख्यमंत्र्यांनी दिला. न्यायालयानं ही पद्धत मोडीत काढली: एकानं ऐकायचं आणि दुसऱ्यानं ठरवायचं, तर मग ऐकण्याला अर्थ काय? बसच्या मार्गासाठी हे तत्त्व 1958 सालीच मान्य झालं. कालव्याच्या बैठकीत शेतकऱ्याचं निवेदन एक अधिकारी स्वीकारतो आणि निर्णय दुसरेच सांगतात, तेव्हा ते आठवतं.

राज्याराज्यांच्या भांडणात आपण हे तत्त्व किती काटेकोरपणे मागतो! कृष्णेच्या पाण्यासाठी न्यायमूर्ती बच्छावत यांच्या अध्यक्षतेखाली लवाद बसला. वर्षानुवर्षं साक्षी झाल्या, जाडजूड अहवाल निघाले, आणि महाराष्ट्राच्या वाट्याला 560 टीएमसी आले. कुकडीचं पाणी घोडमधून भीमेला आणि भीमेतून कृष्णेलाच जातं, म्हणजे आपलं पाणी त्याच 560 च्या हिशोबातलं. लवादातल्या सदस्यांत मतभेद झाला तर बहुमतानं ठरेल, असं आंतरराज्य नदी पाणी तंटा कायद्यात लिहून ठेवलेलं आहे. कर्नाटकानं किंवा आंध्रानं 'चहा पिता पिता एकमतानं ठरवू' असं सुचवलं असतं तर महाराष्ट्रानं ते मान्य केलं असतं का? मग त्या पाण्यातला जुन्नरचा आणि करमाळ्याचा वाटा ठरवताना तीच शिस्त मागणारा माणूस भांडखोर कसा?

आता सगळ्यात वजनदार आक्षेप. तो माझ्याच तालुक्यातून येतो. जुन्नरचे लोक मला म्हणतील, शहाण्या, मतदान मागतोस? सात तालुक्यांत पुण्याचे तीन, खालचे चार. हात वर करायला लावलेस तर दरवर्षी आपण हरणार. आक्षेप खरा आहे. त्याला उत्तर न देता मतदानाचा गजर करणं लबाडी होईल. तालुक्याला एक मत, किंवा लाभक्षेत्राच्या हेक्टरप्रमाणे मत, असं मी मागत नाही. अशा मतदानात वरचा नेहमीच अल्पमतात जाणार आणि धरण ज्याच्या उरावर बांधलं त्याला कायमचा पराभव लिहून दिला जाणार. पण यावर तोड आपल्याच कायद्यात आहे. महाराष्ट्र सिंचन पद्धतीचे शेतकऱ्यांकडून व्यवस्थापन अधिनियम, हाही 2005 चाच. त्यात पाणी वापर संस्थेच्या संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातून सारखे संचालक निवडायचे आहेत आणि अध्यक्षपद या भागांत फिरतं ठेवलं आहे. एका चारीवर जर हेड आणि टेल एका टेबलावर सारख्या वजनानं बसू शकतात, तर अख्ख्या कालव्यावर का नाही? तीन भाग, सारखी मतं, फिरतं अध्यक्षपद. हरलेल्या भागाला आपला विरोध कारणासह लिहून घेण्याचा हक्क, आणि तो कागद हातात घेऊन तीस दिवसांत प्राधिकरणाकडे जाण्याची वाट. प्राधिकरणाच्या सदस्यांनी आपापलं मत स्वतंत्र लिहावं. तिथे नुसते हात मोजायचे नसतात, कारणं तपासायची असतात. अल्पमताला खरं संरक्षण लेखी असहमतीतूनच मिळतं. 'एकमत' या शिक्क्याखाली जुन्नर आजही हरतच आलं आहे, फक्त हरल्याची नोंद नाही.

काही जाणते लोक फड पद्धतीचा दाखला देतात. पांझरेच्या खोऱ्यात पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी मतपेटीशिवाय पाणी वाटून घेतलं, मग तुम्हाला कशाला हवेत ठराव? फडाबद्दल मला आदर आहे, पण तो दाखला त्यांच्याच विरुद्ध जातो. फडात कोणत्या तुकड्यात कोणतं पीक हे आधी ठरलेलं असायचं, पाटकरी सगळ्यांच्या ओळखीचा, पाळी सगळ्यांना तोंडपाठ, आणि ज्याचं पाणी तुटलं तो संध्याकाळी त्याच पारावर जाब विचारायला हजर. म्हणजे नियम इतके पक्के होते की लिहायची गरज नव्हती. अडीचशे किलोमीटरवरच्या करमाळ्याच्या शेतकऱ्यानं येडगावच्या दरवाजावर कुणाला जाब विचारायचा? जिथे तोंड दिसत नाही तिथे कागद लागतो.

राहिला उशिराचा मुद्दा. पावसाळा संपला की धरणांत किती साठा आहे ते ऑक्टोबरमध्ये कळतं. रब्बीचं आणि उन्हाळ्याचं आवर्तन लागणार हे अचानक उगवणारं संकट नव्हे. विजेच्या दरासारख्या किचकट विषयात हजारो हरकती ऐकून 120 दिवसांत आदेश द्या असं कायदा सांगू शकतो, तर पाच धरणांच्या साठ्याचा तक्ता सात दिवस आधी प्रसिद्ध करून बैठक बोलवायला कुणाचं पीक जळतं? पीक जळतं ते बैठकच उशिरा लागते म्हणून.

आणि हे सगळं नवीन कायदा होईपर्यंत थांबण्याचं कारण नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, तोही 2005 चाच, कलम 4(1)(ब)(आठ) मध्ये प्रत्येक सार्वजनिक कार्यालयाला सांगतो: तुमच्याकडे ज्या समित्या, परिषदा, मंडळं आहेत त्यांची यादी जाहीर करा, त्यांच्या बैठका लोकांना खुल्या आहेत का ते सांगा, आणि त्यांची इतिवृत्तं लोकांना बघायला मिळतात का तेही सांगा. अर्ज यायची वाट न बघता हे करायचं आहे. या अधिकारासाठीची महाराष्ट्रातली चळवळ ज्या पारनेर तालुक्यातून उभी राहिली, तो पारनेर याच कालव्यावर आहे.

तेव्हा निमगाव सावा, पारगाव, बेल्हे, आणि खाली श्रीगोंदा, कर्जत, करमाळा इथल्या वाचकांना विनंती आहे. पुढची बैठक होण्याआधी नारायणगावच्या कुकडी पाटबंधारे विभागाकडे एक साधा अर्ज टाका. मागच्या तीन बैठकांची नोटीस कधी निघाली, हजर कोण होतं, विरोध कुणी नोंदवला आणि शेवटचा आदेश कुणाच्या सहीनं निघाला, एवढंच विचारा. वरच्या गावांनी आणि टेलच्या गावांनी हा अर्ज एकाच आठवड्यात टाकला तर उत्तम. पाण्यावर आपलं एकमत होणार नाही, ते व्हायची गरजही नाही. या चार प्रश्नांवर मात्र व्हायला काहीच हरकत नाही.